दोनशे बारा गणपतींच्या पाठीमागे

तात्यांचं शेवटचं पुस्तक चोरीला गेलं.

छे, काहीच चोरीला गेलेलं नाही. सहदेवच्या मुठीत आहे ते फक्त शिसपेन्सिलीचं एक थोटूक, तात्यांच्या दातांच्या खुणांसकट. आणि मुलुंडच्या या खोलीत, तात्या जाऊन बारा दिवस झाल्यावर ('तेरावा करायचा नाही' असं ते बजावून गेले, म्हणून स्मारक समितीने बाराव्यालाच सभा ठेवली) तो ते थोटूक घट्ट धरून उभा आहे, आणि तात्यांची मुलगी पद्मजाताई एक जाडजूड वही उघडते आहे.

"एक कपटासुद्धा हरवू दिला नाही, सहदेव. सगळं चिकटवलं. खळीत मोरचूद घातलंय, झुरळं लागायची नाहीत."

पहिल्या पानावर गणपती. खाली कुणा चि. जयवंतचं लग्न, सन १९५३. दुसऱ्या पानावर गणपती, कोपऱ्याला हळदीकुंकू... तिसऱ्यावर...

तात्या केळशीकर म्हणजे मराठी मुलखातले सर्वांत प्रसिद्ध नास्तिक, त्यामुळे लग्नाचं बोलावणं सगळ्यांकडून. ते एकाही लग्नाला गेले नाहीत, पण पत्रिकेची कोरी बाजू त्यांनी कधी वाया घालवली नाही — शेवटचं अख्खं पुस्तक तिथेच, पेन्सिलीने. ते शाईने नीट उतरवून घ्यायचं काम सहदेवचं, दर रविवारी. पुस्तक सुरू झालं, आणि नेमके तेच तीन रविवार घाटकोपरला कॅरमचे सामने... हरलो, तेही शून्यावर, आणि पुस्तकाचं एक पानही उतरवलं गेलं नाही. "ये रे सावकाश, मी कुठे जातोय?" म्हातारा म्हणाला होता. आयुष्यभर विचार केलेला माणूस, आणि एवढ्या साध्या गोष्टीत चुकला.

"ताई, मजकूर मागच्या बाजूला आहे."

"ठाऊक आहे रे! बापाचं अक्षर मी ओळखत नाही?"

"मग?"

"मग काय? गणपतीच्या तोंडाला खळ फासू? त्याला उपडा चिकटवू?" तिचा आवाज खाली आला. "ते नव्हते मानत. मला मानायला हवं ना."

"कागद सुरक्षित आहेत, हे महत्त्वाचं," अध्यक्ष श्यामकांतराव म्हणाले. "वाचायचे कुणाला आहेत?"

इथे सहदेव नेहमी 'बरं' म्हणतो. साहेबाला बरं, आईला बरं, तात्यांना तर रविवारीसुद्धा बरं. पण आज ते 'बरं' घशात आलं आणि तिथेच बसून राहिलं, जसे ते दोनशे बारा देव एका नास्तिकाला पाठ टेकून बसलेत, हलायला तयार नाहीत... हलणार कसे नाहीत? खळ पाण्यात सुटते. शिशाला पाणी काही करत नाही. आणि देवाला पाण्यात सोडायची लाज आपल्याला केव्हापासून वाटायला लागली? दर भाद्रपदात नाचत नाचत सोडतो की!

त्याने थोटूक दातांत धरलं. तात्यांच्या खुणांत त्याचे दात बरोबर बसले नाहीत. नाही बसले तर नाही. माझ्या वेगळ्या पडतील.

सभेची कार्यक्रमपत्रिका त्याने उलटी केली आणि तिथेच, सगळ्यांदेखत, लिहायला घेतलं:

'मा. अध्यक्ष, स्मारक समिती, यांस सविनय अर्ज. वहीतील एकूण दोनशे बारा गणपती दीड दिवसाचे समजून त्यांचे विसर्जन अर्जदाराच्या घरच्या पिंपात, वाद्यांविना, करण्यास लेखी परवानगी मिळावी. नकार द्यावयाचा झाल्यास तो कागदाच्या एकाच बाजूस लिहावा, ही विनंती. मागची बाजू लागणार आहे.'