फोटोला टाटा

आमची यशू वर्षाचीही झाली नव्हती. तोंडातून शब्द फुटत नव्हता, पण सगळं घर तिच्या हातांच्या तालावर नाचायचं. बोट दाखवलं की कावळा दाखवायचा, मूठ उघडझाप केली की 'दे', मान हलवली की पेज बंद. आणि दोन्ही हात पसरले की 'घे'. तेव्हा न घ्यायची टाप होती कुणाची?

रोज संध्याकाळी वंदना झाली की सासूबाई तिला कडेवर घेऊन भिंतीपाशी जायच्या. बुद्धाच्या तसबिरीपुढं हात जोडायचे आणि शेजारी आमच्या ह्यांचा पलटणीतला, छातीपर्यंतचा फोटो होता, त्याला टाटा. "बाप लांब हाय, त्येला टाटाच करायचं," असं सासूबाईंचं म्हणणं.

कारगिलमुळं ह्यांची रजा लांबत गेली, ती दसऱ्याच्या सुमाराला मिळाली. यशूला त्यांनी पाळण्यात पाहिलं होतं तेवढंच. सदर बाजारातल्या आमच्या दारात त्यांनी पेटी टाकली आणि हात पुढे केले. यशूनं मिशा पाहिल्या, भिंतीकडं पाहिलं, पुन्हा मिशा पाहिल्या आणि टाटा केला. आम्ही पोट धरून हसलो. हेही हसले.

पण ती थांबेचना. चुरमुरे धरले, टाटा. मांजरासारखं ओरडून दाखवलं, टाटा. शेजारच्या शालूबाईंकडं मात्र झेप घ्यायची. एका दुपारी ह्यांनी मान खाली घालून विचारलं, "क्रांती, ही मला जा म्हणत्या काय गं?"

माझं डोकंच फिरलं. मी फोटो उतरवला आणि कपाटात तळाला घातला.

"फोटो काढून काय हुतंय?" सासूबाई म्हणाल्या. "आता त्येचं तोंडच फोटो झालंय की."

मग ह्यांनी हात पुढे करणंच सोडलं. नुसते तिच्याजवळ चटईवर बसून राहायचे. टाटा करत करत का होईना, ती त्यांच्या मांडीपर्यंत आली, आणि रजा संपली.

रिक्षा दारात लागली. "यशू, पप्पांना टाटा कर," सासूबाई म्हणाल्या. एकदाचा तो टाटा वेळेवर होणार होता. यशूनं पेटीकडं पाहिलं, ह्यांच्याकडं पाहिलं, माझ्या कडेवरून वाकली आणि दोन्ही हात पसरले.

ह्यांनी घेतलं तिला. तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. रिक्षावाला हॉर्न मारत होता, गाडी चुकली असती. वर्दीची कॉलर तिनं मुठीत धरलेली. ती मूठ मलाच सोडवावी लागली, एकेक बोट करून. "नगं गं," हे म्हणाले. पण त्यांना राहता येत नव्हतं आणि मला ठेवून घेता येत नव्हतं.

दुपारभर ती दाराकडं हात करून रडली. शेवटी काही सुचेना, म्हणून मी कपाटातून फोटो काढून परत खिळ्याला लावला. रडणं थांबलं. तिनं मिशा ओळखल्या आणि दोन्ही हात पसरले. घे.

फोटो छातीपर्यंतचाच होता. त्यात ह्यांचे हात आलेच नव्हते.