पूर्वेचा पट्टा

मैनातीने वाकून चिखलातल्या बुटाच्या ठशात बोट घातलं. कडा अजून मऊ होत्या. टाच आतल्या बाजूने झिजलेली. असा बूट सगळ्या वनठाण्यात एकाचाच होता, डिंबेश्वर बोराचा. ठसे जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून ठेवलेला पट्टा, ओलांडून सरळ पूर्वेच्या पट्ट्यात, दोन पुरुष उंचीच्या गवतात शिरले होते. सकाळी निघताना तो म्हणाला होता, नदीकडे जातोय.

एकट्याने गवतात शिरायचं नाही, हा ठाण्याचा पहिला नियम. चार वर्षांपूर्वी ती वनरक्षक म्हणून इथे आली, तेव्हा तो तिला बोरानेच शिकवला होता. आणि तो नियम त्यानेच मोडण्याचा हा तिसरा दिवस.

दुपारी तो परतला तेव्हा ती पायरीवर बिनदुधाचा लाल चहा घेऊन बसली होती. ठाण्यातले सगळे त्याला खुरा म्हणत, म्हणजे काका.

"खुरा, नदीला पाणी किती आहे?"

"असतं तेवढं."

"बुटाला वाळू लागलेली दिसत नाही."

त्याने बुटांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तू पोलिसात जायची ती चुकून इकडे आलीस, पोरी. चहा उरलाय का?"

तिला हसू आलं नाही. गेल्या माघापासून ठाण्यात कुणाला फारसं हसू येतच नव्हतं. तेव्हा याच गवतात एक मादी गेंडा व्याली होती. ती जागा तिघांनाच ठाऊक होती: बोराला, खगेन नावाच्या दुसऱ्या वनरक्षकाला आणि मैनातीला. सहाव्या दिवशी मादी पडलेली सापडली, शिंग मुळापासून कापलेलं, आणि पिल्लू तिच्या पोटाशी उभं. चौकशी झाली, हाती काही लागलं नाही. खगेनची बदली झाली. उरलेल्या दोघांनी एकाच चुलीवर भात शिजवला आणि एकमेकांची पावलं मोजली.

संध्याकाळच्या आत रेंजर गोहाईं नकाशा घेऊन आले. पश्चिमेचं गवत जाळून झालं होतं. तिथे काळ्या राखेतून बोटभर हिरवे कोंब वर आले होते आणि गेंडे चरायला उतरत होते. जाळलं नाही तर झुडपं माजतात, चारा संपतो. मग गेंडा गावाच्या भातशेतीत जातो आणि परत येईलच असं नाही. आता पूर्वेची पाळी होती.

"परवा लावू या आग," गोहाईं म्हणाले.

"गवत ओलं आहे, साहेब," बोरा म्हणाला. "आठ-दहा दिवस थांबा. नुसता धूर होईल."

मैनातीने कुडाशी पडलेली पूर्वेकडची एक काडी उचलून वाकवली. ती कट्‌कन मोडली. बोराने तो आवाज ऐकला, पण मान वळवली नाही.

गोहाईं निघाले तेव्हा ती त्यांच्या जीपपर्यंत गेली आणि तीन दिवसांचं सगळं सांगून टाकलं. ठसे, नदी, कोरडी काडी. गोहाईंनी आवाज खाली आणला.

"मलाही त्याच्याबद्दल वाटतच होतं. उद्या त्याच्या मागावर राहा. रविवारी मला लेखी दे. तोवर आग थांबवतो."

दुसऱ्या दिवशी धुकं उतरल्यावर ती त्याच्या मागे गेली. गवतात गेंड्याने पाडलेली बोगद्यासारखी वाट होती. शंभरेक पावलांवर बोरा थांबला आणि मागे न बघता हाताने खूण केली: खाली बस.

ती बसली. समोर डबक्याच्या काठी चिखलाने माखलेली मादी उभी होती. तिच्या मागच्या पायांमधून एक करडं, सुरकुतलेलं तोंड बाहेर आलं. पिल्लाचे कान अजून उभे राहत नव्हते. मादीने फुत्कार टाकला. बोरा आणि मैनाती इंच इंच मागे सरकत बाहेर आली.

"पाच दिवसांचं आहे," जाळरेषेवर आल्यावर बोरा म्हणाला. "आगीपुढे धावू शकणार नाही. धावलं तरी दोघं उघड्या राखेवर येतील. नदीपलीकडून शिकाऱ्यांना दिसतील."

"मग साहेबांना सांगायचं!"

"गेल्या वर्षी सांगितलं होतं. दोघांनाच."

"म्हणजे तुमचा माझ्यावर संशय आहे?"

"संशय नाही. बोलणं बंद केलंय, एवढंच." तो बुटाचा चिखल गवताला पुसत राहिला. "तू काल जीपपाशी बराच वेळ उभी होतीस."



शुक्रवारी तिची सुट्टी होती. नदीकाठच्या गावात ती पोचली तेव्हा भर दुपार होती. खांबांवरच्या घराखाली तिचा नवरा टंकेश्वर जाळं विणत बसला होता. तो घाटावर नाव चालवायचा. जगभरच्या गप्पा त्याच्या नावेतून पार व्हायच्या. त्याने तिच्यासाठी मासा राखून ठेवला होता, काटे काढून. ती जेवायला बसल्यावर तोही समोर बसला.

"पूर्वेला धूर दिसला नाही यंदा."

"गवत ओलं आहे."

"ओलं?" तो हसला. "पाऊस होऊन तीन महिने झाले. कुणी व्यालं-बिलं आहे का आत?"

तिने घास गिळला. गेल्या माघात ती याच पाटावर बसली होती आणि त्याने विचारायच्याही आधी हात नाचवत सांगितलं होतं, एवढंसं पिल्लू, असे कान, सावरीच्या झाडामागे, डबक्यापाशी. सांगताना किती आनंद झाला होता तिला. चौकशीत विचारलं, कुणाला बोललीस? ती म्हणाली होती, कुणालाच नाही. आणि आपण खोटं बोलतोय असं तिला वाटलंसुद्धा नव्हतं. घरचं माणूस म्हणजे ‘कुणी’ थोडंच?

"आहे," ती म्हणाली.

"कुठे?"

ती भाताचा घास करत राहिली. "पश्चिमेला. जळलेल्या पट्ट्याच्या टोकाला गवताचा तुकडा राहिलाय ना, तळ्याकडचा, त्यात."

"एकटीच आहे मादी?"

"पिल्लू आहे."

"बरं," तो म्हणाला आणि तिच्या ताटात आणखी मासा वाढला.

रविवारी सकाळी ती बोराला म्हणाली, "खुरा, पश्चिमेच्या तळ्याकडे चला."

"तिथे काय आहे?"

"काही नाही. म्हणूनच चला."

गवताच्या त्या तुकड्यात माणूस आडवा होईल एवढी जागा दाबून केली होती. वरून गवताची टोकं एकमेकांत बांधलेली. बिडीची थोटकं होती, शिळा भात बांधून आणलेलं केळीचं पान होतं, आणि तळ्याच्या दिशेला पानं खुडून एक भोक ठेवलेलं होतं, बंदुकीची नळी मावेल एवढं. बोराने पान उचलून हुंगलं.

"कालचं," तो म्हणाला. मग त्याने आजूबाजूला पाहिलं. "पण इथे गेंड्याचा एक ठसा नाही. मूर्ख आहेत की काय?"

"मूर्ख नाहीत. त्यांना कुणीतरी सांगितलं."

"कुणी?"

"मी एकालाच सांगितलं होतं, खुरा."

बोराने तिच्याकडे पाहिलं. मग केळीचं पान जपून दुमडलं आणि पिशवीत ठेवलं.

"तो विकत असेल, की नावेत नुसता बोलत असेल, हे तुला माहीत नाही," तो हळूच म्हणाला. "विचार करून जा साहेबांकडे. मी गेलं वर्षभर मनात एक गोष्ट ठेवून गप्प बसलो, ते एवढ्यासाठीच. नुसत्या संशयावर कुणाचं घर मोडायचं नसतं."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"ठाऊक नव्हतं. वाटत होतं."

ती पुढे चालू लागली.

गोहाईं कचेरीत एकटेच होते. तिला पाहून त्यांनी कोरा कागद पुढे ओढला आणि वर बोराचं पूर्ण नाव लिहिलं, हुद्द्यासकट. बोरा दाराबाहेर थांबला होता.

"हां, सांग. रविवार आहे आज."

"ते नाव खोडा, साहेब. दुसरं लिहा. टंकेश्वर कुटुम."

गोहाईंनी नाव खोडलं. दुसरं लिहिलं. मग पेन थांबवून गाव विचारलं. तिने गाव सांगितलं.

"घर कोणतं?"

"घाटावरून वर आलं की तिसरं," ती म्हणाली. "माझं."