एकापैकी एक

"ही चाचणी एक कोण?" साहेबांचं बोट पडद्यावरच्या शेवटच्या ओळीवर होतं. "सोळा दिवस झाले, एकदाही धड्याला बसलेली नाही."

बेरीजबाईंनी मान पुढं काढून पाहिलं. जिल्हा शिक्षण कार्यालयात शाळाशाळांचे निकाल जुळवून वर पाठवायचं काम एकोणीस वर्षं त्यांच्याकडे होतं, म्हणून हे नाव. अलीकडे त्यात ऑनलाइन अभ्यासक्रमांची भर पडली होती. बाई हंगामी होत्या. एकोणीस वर्षं चालणारा हंगाम फक्त सरकारी कचेरीतच सापडतो.

"साहेब, ती कोणी नाहीये. नवा फॉर्म चालतो का बघायला मीच भरलं ते. नाव चाचणी, आडनाव एक, वय सोळा. काढून टाकते."

"काढू नका. काढलं की ती 'सोडून गेलेले' या रकान्यात जाते. तो रकाना मला शून्य हवाय."

"पण ती जन्मलीच नाहीये, साहेब."

"त्याला रकाना आहे का?"

नव्हता.

"मग शिकवा तिला," साहेब म्हणाले आणि चहा प्यायले.

त्याच टेबलावर दुसरा एक कागद पडला होता, तो बाईंना पाठ होता. वर्षअखेर हंगामी लोकांना कायम करणार, पण दहावी गणितासह पास असतील तरच. बाकीच्यांनी घरी जायचं. बाई गणितात तीनदा बसल्या होत्या आणि तीनदा आपटल्या होत्या. दहावीच्या ऑनलाइन गणिताला आपणच नाव घालावं, असंही त्यांनी एकदा विचारून पाहिलं होतं. वयाची अट अठरापर्यंत. बाई एक्कावन्न.

तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत बाई डबा उघडायच्या, कानात वायर घालायच्या आणि चाचणी एक होऊन बसायच्या. पहिल्या परीक्षेत चाचणीला शंभरपैकी अकरा पडले. पालक म्हणून बाईंनी स्वतःचाच नंबर टाकला होता, त्यामुळे पाच मिनिटांत त्यांच्याच फोनवर निरोप आला. 'आपल्या पाल्याची प्रगती चिंताजनक आहे. घरी अभ्यास घ्या.'

शिपाईमामांनी तो खांद्यावरून वाचला. "काय कार्टी निपजलीय बाई तुमची. कोणावर गेलीय?"

"बापावर," बाई म्हणाल्या.

बापाला, म्हणजे बाईंच्या नवऱ्याला, यातलं काही ठाऊक नव्हतं. तो दुकानांची शटरं दुरुस्त करायचा आणि बायको हल्ली भाजी चिरताना बोटं का मोजते, याची त्याला काळजी वाटायची.

एका दुपारी मात्र गंमत झाली. पडद्यावरचा मास्तर एकच गोष्ट आठव्यांदा सांगत होता, थकत नव्हता की डोळे वटारत नव्हता. आणि पस्तीस वर्षं जो क्ष कुठं तोंड लपवून बसला होता, तो बाईंना डब्याच्या झाकणाशेजारी सापडला. बाईंनी तेच उदाहरण पुन्हा सोडवलं. पुन्हा सापडला. घास हातातच वाळला.

परीक्षेत चाचणीला चौऱ्याण्णव पडले. बाई शौचालयात जाऊन रडून आल्या.

निकाल वर पाठवायची वेळ आली तेव्हा यादीत तीनशे बारा मुलं होती. त्यातल्या तीनशे अकरांनी दोन महिन्यांत धडा उघडलाच नव्हता. कुणाकडे फोन नव्हता, कुणी कामाला लागलं होतं. एकाला तर दिसतच नव्हतं. फळा दिसत नाही म्हणून शाळेनं त्याला पडद्यासमोर बसवलं होतं.

"हे सगळे 'इतरत्र शिक्षण सुरू' मध्ये टाका," साहेब म्हणाले.

"इतरत्र म्हणजे कुठं, साहेब?"

"अनुभवाच्या शाळेत. टाका."

बाईंनी टाकले. त्या आंधळ्या पोराच्या नावापाशी त्यांचं बोट थोडं थांबलं. मग कायम व्हायचा कागद आठवला आणि तेही नाव गेलं. उरली एक. नोंदणी एक, उत्तीर्ण एक. शेकडा शंभर. जिल्हा सगळ्या जिल्ह्यांत पहिला.

सत्कार झाला. साहेबांना सन्मानचिन्ह मिळालं. चाचणी एकचं प्रमाणपत्र घ्यायला पालकांना बोलावलं, तेव्हा बाई इस्त्रीच्या साडीत मंचावर गेल्या. "मुलगी का नाही आली?" असं पाहुण्यांनी विचारलं. "लाजाळू आहे," बाईंच्या आधी साहेबच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाई साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेब सन्मानचिन्ह रुमालानं पुसत होते.

"साहेब, ते चौऱ्याण्णव माझे आहेत. तुम्ही तशा दोन ओळी लिहून दिल्यात तर माझं नाव कायम होणाऱ्यांच्या यादीत बसेल. हवं तर आत्ता तुमच्यासमोर सोडवून दाखवते."

"म्हणजे चाचणी एक नाही, असं मी लिहून द्यायचं?"

"तुम्हाला माहितीये की."

"मला माहीत असणं वेगळं, कागदाला माहीत असणं वेगळं. ती नसेल तर निकाल खोटा. खाली सही कुणाची आहे?"

सही बाईंचीच होती.

"आणि ती असेल तर गुण तिचे." साहेब अगदी मायेनं म्हणाले, "तुम्ही आई ना? पोरीच्या तोंडचा घास काढता होय?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाई 'बरं' म्हणाल्या, कारण एकोणीस वर्षांत त्यांनी त्या खोलीत दुसरं काही म्हटलेलं नव्हतं.

महिनाअखेर आदेश आला. गणित नाही, सेवा समाप्त.

"पोरगी जिल्ह्यात पहिली आणि आई नापास," शिपाईमामा म्हणाले. आधी कुणी हसलं नाही. मग सगळेच हसले, बाईसुद्धा.

घरी बसून दहावा दिवस होता. भर दुपारी फोन वाजला. चाचणी एकला वरच्या वर्गात आपोआप प्रवेश मिळाला होता. 'आपला पाल्य सात दिवस गैरहजर आहे. कारण कळवा. १ आजारी. २ स्थलांतर. ३ मृत्यू.'

नवरा जेवायला आला होता. त्यानं डोकावून पाहिलं. "कुणाचं पोरगं गं हे?"

"ऑफिसातलं."

"मग तुला कशाला? तीन दाब आणि मोकळी हो."

तीन दाबलं की काय होईल, हे त्या जिल्ह्यात बाईंइतकं कुणालाच कळत नव्हतं. एकापैकी शून्य. साहेबांचा शेकडा शंभर एका बोटानं जमिनीवर आला असता. बाईंचं बोट तिनावर गेलं आणि तिथंच राहिलं. त्यांना चौऱ्याण्णव आठवले. डब्याचं झाकण आठवलं.

हंगामी माणसाला आजारपणाची रजा नसते. बाईंनी ती कधी मागितलीही नव्हती. त्यांनी एक दाबलं.

लगेच उत्तर आलं. 'रजा मंजूर. काळजी घ्या. लवकर बऱ्या व्हा.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग फोन उशाशी ठेवला, पदर पोटावर ओढून घेतला आणि त्या आडव्या झाल्या.

"काय गं, बरं नाही का?" नवऱ्यानं विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या.