मातीला घाबरणारी सळई

मी एक जुनी लोखंडी सळई आहे. हातभर लांब, वर लाकडी मूठ, खाली झिजून बोथट झालेले टोक. मित्रांनो, लोखंडाला कसली आली भीती, असे तुम्हाला वाटेल. पण मला ती वाटते. मला मातीची भीती वाटते.

पहिल्यापासून तसे नव्हते. एका लोहाराने मोडक्या गाडीच्या लोखंडातून मला घडवले आणि एका शेतकऱ्याला दिले. पाणी दिल्यावर ओल किती खोल गेली ते पाहायला तो मला जमिनीत सरळ खुपसायचा. मग मूठ मुलाच्या हाती द्यायचा. तो मुलगा माझा धनी.

"डोळे मीट आणि सांग, खाली काय लागलं?" बाप विचारायचा.

"खडा. हे मूळ. आता ओल लागली."

तेव्हा खाली जाताना मला गार गार वाटायचे.

मग लढाई सुरू झाली आणि धनी सैन्यात गेला. घरचे काहीतरी जवळ असावे म्हणून त्याने मला पिशवीत टाकले. तुकडीत एक न्हावी होता. मला पाहताच तो म्हणाला, "काय रे, गोळ्या संपल्या की हिनं ढोसणार का शत्रूला?" सगळे हसले. न्हावी धन्याचा जिवलग दोस्त झाला.

हसू फार टिकले नाही. पुढच्या शेतांत शत्रूने सुरुंग पुरून ठेवले होते. ते शोधायला तुकडीकडे सळया कमी पडल्या, म्हणून धन्याने मला बाहेर काढले. सुरुंगावर वरून दाब पडला की तो फुटतो. म्हणून मला आता सरळ खुपसायचे नव्हते. तिरके धरून, हळूच, सुरुंगाच्या कुशीला टेकवायचे होते. धनी पोटावर सरपटत जमीन टोचायचा आणि बाकीचे त्याने तपासलेल्या वाटेवरून एकामागे एक यायचे. टोकाला काही कठीण लागले की माझ्या अंगातून कळ जायची. खडा असेल का? की तेच?

एका दुपारी समोर विहीर दिसली. "थांब, अजून बघायचंय," धनी म्हणाला.

"अरे, तहानेनं मरण्यापेक्षा..." न्हावी हसत पुढे झाला. त्याचे वाक्य पुरे झाले नाही.

त्या दिवसापासून धन्याने स्वतःच्या पुढे कुणाला जाऊ दिले नाही.

लढाई संपली. धनी परतला, लाकडाच्या वखारीत नोकरीला लागला. लग्न झाले, मुलगी झाली, मग मुलगा. परसात त्याने टोमॅटो लावले आणि ओल पाहायला मला पुन्हा हातात घेतले. पण वाफ्यातही तो मला तिरकेच टोचायचा.

"अहो, टोमॅटोखाली कोण सुरुंग पुरणार आहे?" त्याची बायको म्हणायची. तो हसायचा. हात मात्र तिरकाच.

फिरायला निघाले की पुढे तो, हातात मी, मागे मुलगी, मुलगा आणि शेवटी बायको. कोपऱ्यावरचा दुकानदार ओरडायचा, "आली बघा मालगाडी! डबे मोजून घ्या!" धनी हात हलवायचा. माझी मूठ घामाने ओली झालेली कुणाला दिसायची नाही.

एकदा घराजवळच्या माळावर मुलगी चेंडूमागे रांग सोडून धावली.

"थांब!" धनी असा ओरडला की मी त्याच्या हातातून गळून पडले. तो पालथा पडला, डोके हातांखाली घेऊन. पोरगी माळाच्या मधोमध थिजली.

"बाबा, पाय कुठे ठेवू?" ती रडायला लागली. "बाबा, सांगा ना, कुठे ठेवू?"

धनी डोके वर काढेना. मित्रांनो, लढाईतही मी इतकी घाबरले नव्हते. त्याची भीती पोरीच्या पायांत उतरली होती, आणि तिथून ती कुठल्या सळईने शोधून काढणार?

तेव्हा बायको निघाली. कुणाच्याही पावलावर पाऊल न ठेवता, चपला फटफट वाजवत, सरळ गवतातून. तिने पोरीचा हात धरला. "बघा हो इकडे. मी चालत आले. जमीन आहे तिथंच आहे." तसे चालणे मी पुन्हा कुणाचे पाहिले नाही.

धनी उठून बसला. मग तो म्हणाला, "जा बाळा, चेंडू आण. तू पुढे हो." ती गेली, आणि त्याने मला उचलून असे आवळले की मुठीला चीर गेली. तेव्हापासून मुले पुढे चालू लागली, तो त्यांच्या मागे, बायको शेवटी. भीती गेली नाही. ती तो एकटा बाळगू लागला.

मुले मोठी होऊन दूर गेली. मग बायको वारली. रांगेत ती शेवटी असायची, म्हणून तो नंतरही फाटकाशी थांबून मागे वळून पाहायचा. त्याचे गुडघे धरले तेव्हा फिरणे बंद झाले आणि मी परसात एका डब्यामागे गंजत पडले.

म्हातारपणी त्याला काळवेळ कळेनाशी झाली. मुलगी त्याच्याजवळ राहायला आली. तो उन्हात बसायला म्हणून दारापर्यंत यायचा आणि उंबऱ्यावर थबकायचा. "पुढे जाऊ नका. बघायचं राहिलंय."

भेटीला आलेला मुलगा म्हणाला, "काहीतरीच काय बाबा! चला," आणि त्याने हात धरून ओढले. धनी लहान मुलासारखा रडला.

"सोड त्यांना," मुलगी म्हणाली. तिने मला शोधून काढले, गंज पुसला आणि उंबऱ्यापुढे ती उकिडवी बसली. तिने मला तिरके धरून मातीत घातले. जुनी कळ माझ्या अंगातून गेली. काही लागले नाही.

"मोकळं आहे, बाबा. या." त्याने एक पाऊल टाकले. "इथंही मोकळं आहे." आणखी एक. असे करत तो उन्हातल्या खुर्चीपर्यंत पोचला. तो जाईपर्यंत रोज सकाळी असेच चालले.

आता धनी नाही. मी दाराआड उभी असते. मित्रांनो, आम्हा जुन्या लोखंडाला अधूनमधून तेलाचे बोट लावत जा, एवढे मागणे आहेच. पण तुमच्या घरातले कुणी सपाट अंगणात घाबरून उभे राहिले, तर हसू नका, ओढू नका. वाकून जमीन बघा आणि सांगा, मोकळं आहे. एकदा सांगून भागत नाही. प्रत्येक पावलाला सांगावे लागते.