जिन्याखालचा एकतर्फी मीटर

मित्रांनो, ज्याच्याकडे महिन्यातून एकदाच कोणी वाकून बघते, तेही कपाळाला आठ्या घालून, असा मी एक जुना विजेचा मीटर आहे. चौदा वर्षे मी एका घराच्या जिन्याखाली, काचेच्या झाकणाच्या पेटीत काढली. कारखान्यात मला तपासले, तोंडाला सील ठोकले आणि एकच काम नेमून दिले: तारेतून जाईल तेवढी वीज मोजायची. एवढाच माझा नेम. तो मी एक दिवसही चुकवला नाही. माझ्या छातीवरचा लाल दिवा लुकलुकायचा, आकडा पुढे सरकायचा. मागे यायचे मला शिकवलेच नव्हते.

घरात तीन माणसे. आजोबा जन्मभर बसचे चालक होते. धुराने त्यांची छाती धरली, म्हणून डॉक्टरांनी प्राणवायूचे यंत्र दिले होते. ते दिवसरात्र त्यांच्या खाटेशी घुरघुरत असे. मुलगा मालाची गाडी चालवी आणि सूनबाई पुढच्या खोलीत शिवणकाम करी. यंत्राची घुरघुर, शिलाई मशीनची खडखड आणि इस्त्रीची ऊब, सारे माझ्यातूनच जाई. रीडिंग घेणारा म्हणायचा, "या घरचा मीटर घड्याळासारखा आहे." मला बरे वाटायचे.

पुढे बिल वाढत गेले, तेव्हा मुलाने छतावर सौर पॅनल बसवून घेतले. बसवणारा जाताना बजावून गेला, "नवा मीटर येईपर्यंत हे बटण दाबू नका. महिना-दीड महिना लागेल."

मुलाने आठ दिवस कसेबसे काढले. रोज छतावर जाऊन पॅनलवर हात ठेवी आणि खाली येऊन हळहळे, "एवढं ऊन फुकट चाललंय." नवव्या दिवशी त्याने बटण दाबले.

मित्रांनो, त्या दुपारी माझ्यातून वीज उलट्या बाजूने वाहू लागली. घरात वापरून उरलेली वीज छतावरून खाली येई आणि माझ्यातून बाहेर रस्त्यावरच्या तारांत जाई. मला कळत होते की हे घर आता घेत नाही, देत आहे. पण मी पडलो एकतर्फी. वीज येवो की जावो, माझा आकडा पुढेच सरके. सील तोडता येत नव्हते, ओरडता येत नव्हते. घराने दिलेले सगळे मी घराच्याच माथी मारत होतो.

बिल आले, ते आधीपेक्षा जास्त.

"पॅनल लावून बिल वाढतं, हे फक्त आपल्याच घरात होऊ शकतं," मुलगा म्हणाला. "तुझी इस्त्री दिवसभर तापलेली असते."

"मग गिऱ्हाइकाला चुरगळलेलं कापड देऊ का? आणि रात्री मॅचचा रिप्ले बघतं कोण?"

"मी दोन तास बघतो. बाबांचं यंत्र चोवीस तास चालतं, ते..." तो थांबला. पण बोलून गेला होता.

आतल्या खोलीत आजोबा जागेच होते.

दुसऱ्या दिवसापासून सूनबाई दुपारी कापड आणायला गेली की ते यंत्र बंद करू लागले. पंखाही बंद. नळी हातात धरून भिंतीला टेकून बसत. मुकाट्याने, एकेक श्वास ओढत. घरात वीज जितकी कमी लागे, तितकी जास्त बाहेर जाई आणि तितका माझा आकडा अधिक पळे. माझा आकडा थांबावा म्हणून ते बचत करत होते आणि मी त्यांच्यावरच वाढत होतो. त्या पेटीत मी इतका कोंडलो कधीच नव्हतो.

एके दिवशी सूनबाई परतली तेव्हा आजोबांचे ओठ निळे पडले होते. तिने घाईने यंत्र लावले, गाडी बोलावली आणि जाताना घरातले एकूण एक बटण बंद केले. डॉक्टरांनी त्यांना ठेवून घेतले. मुलगा त्यांच्याजवळ थांबला आणि ती दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचे कपडे न्यायला आली. आजोबांची काठी शोधायला जिन्याखाली वाकली, तर माझा दिवा धडाधड लुकलुकत होता.

"घरात काही चालू नाही, मग तू कोणाचं मोजतोस रे?"

तिने इस्त्री लावली. दिवा मंदावला. बंद केली, पुन्हा पळू लागला. तीनदा तिने करून पाहिले. मग छतावरचे बटण खाली केले आणि वायरमनकाकांना फोन लावला.

संध्याकाळी मुलगा डबा न्यायला घरी आला होता, तेव्हाच काका आले आणि त्यांनी एका नजरेत ओळखले. "ताई, हा एकतर्फी आहे. बाहेर गेलेली वीजसुद्धा आत आली म्हणून लिहितो. पॅनल चालू करायची घाई कोणाला झाली होती?"

"मीच दाबलं ते बटण," मुलगा म्हणाला.

आजोबा घरी आले तेव्हा त्यांना सारे सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे मी श्वास वाचवून बिल वाढवत होतो."

मुलगा त्यांच्या पायाशी बसला.

दोन्ही बाजू वेगळ्या मोजणारा नवा मीटर आला. तो जोडताना मुलाने विचारले, "काका, पॅनलचे पैसे सुटतात तरी का?"

"सुटतात, पण सहा-सात वर्षं धीर धरावा लागतो. पॅनल पुसत जा, इस्त्री दुपारी करा. आणि बाबांचं यंत्र उन्हात बिनघोर चालू द्या, तेव्हा ते उन्हावरच चालतं."

माझ्या तारा सुटल्या, दिवा विझला. सूनबाईने चिंधीने माझी काच पुसली. "तुझा दोष नाही रे," ती म्हणाली. आतल्या खोलीतून यंत्राची घुरघुर ऐकू येत होती. दुपारचे दोन वाजले होते.

आज मी इतर जुन्या मीटरांबरोबर एका खोक्यात उलटा पडून आहे. मित्रांनो, एवढेच मागणे. घरातला आकडा वाढला, तर माणसाकडे बोट दाखवण्याआधी जिन्याखाली वाका. आम्ही खोटे बोलत नाही, पण आम्हाला सगळे कळलेलेही सांगता येत नाही. आणि तुमच्या घरात कोणी म्हातारे माणूस गुपचूप पंखा बंद करून बसले असेल, तर काही न विचारता तो आधी लावा.