हॉपकिन गीत उचलतो

या, असे शेगडीपाशी सरका, दाराकडून वारा येतोय. ओला कोट खुंटीला लावा. आज हॉपकिन ट्रेहर्नची गोष्ट सांगतो. राणीच्या राज्यातली, आपल्याच ब्रिनगोव गावातली, आणि ऐकून कुणाचं मन जड होणार नाही अशी.

हॉपकिन पत्र्याच्या कारखान्यात, पत्रा लाटणाऱ्या लोखंडी रुळांवर कामाला. लालबुंद पत्रा चिमट्यात धरायचा, रुळांतून काढायचा, दुमडायचा, पुन्हा भट्टीत. आठवडाभर हे, आणि शनिवारी दुपारी गावाच्या रग्बी संघात पुढच्या फळीत डोकं घालायचं. खेळाचे पैसे मिळत नसत. कुणी घेतलेच, तर त्याला खेळातून काढत. मिळायचं ते काळंनिळं अंग आणि गावाची शाबासकी. रविवारी तोच हॉपकिन चॅपलमध्ये, आमच्या प्रार्थनाघरात, गीत उचलायचा. पहिला सूर त्याचा, मग सारी मंडळी त्याच्यामागे. पेटीबिटी काही नव्हती, गळ्याचाच काय तो आधार.

चॅपलचे थोरले कारभारी एलिएझर प्रॉबर्ट यांना तो लंबगोल चेंडू म्हणजे सैतानाचं अंडं वाटे. त्यांनी गाण्याची तालीम मुद्दाम शनिवारी तीनला ठेवली, ऐन सामन्याच्या वेळी. हॉपकिन फिरकला नाही. रविवारी चॅपलच्या दारात आला तो ओठ सुजवूनच.

"काय रे, हे तोंड घेऊन देवाच्या दारी?" प्रॉबर्ट म्हणाले.

"देवानंच दिलंय, काका. काल पलीकडच्या गावच्या एकानं जरा मोठं केलं, इतकंच."

"जीभ आवर! बुधवारच्या बैठकीत तुझं नाव मांडणार आहे मी. खेळ सोड, नाहीतर चॅपल सोड. तोवर मागच्या बाकावर बसायचं, तोंड उघडायचं नाही. आज गीत मी उचलेन."

"तुम्ही?" हॉपकिनची बायको मार्गेड म्हणाली. "मग तुमच्या सुराला पोचायला आम्ही बायकांनी शिडी आणायची का घरून?"

हॉपकिनला हसू आलं, पण ते टिकलं नाही. त्याच्या बापानं इथेच तीस वर्षं गीत उचललं होतं. बुधवारी मंडळींनी हात वर केले, की त्याचं नाव खोडलं जाणार. पण खेळ सोडावा असं काही मनात येईना. दोन्ही आपलं आहे, दोन्ही राहील, असं धरूनच तो मागे जाऊन बसला.

त्या दिवशी पाहुणे उपदेशक आले होते. विषय हरवलेल्या मेंढराचा. आधी साधं घरगुती बोलणं, मग मेंढपाळ डोंगर चढू लागला तसा वाणीला सूर फुटला, आणि अहाहा! वाक्यंच गाऊ लागली. म्हाताऱ्या डोळे पुसत "आमेन, आमेन" करू लागल्या. मेंढरू "सापडलं", हा शेवटचा शब्द उपदेशकांनी थेट छपराला नेऊन टांगला.

आमची रीत अशी, की उपदेश ज्या सुरावर संपेल त्याला धरून लगेच गीत उचलायचं. पण उपदेशक असा उंच गेला, की उचलणाऱ्यानं सुराच्या पाच पायऱ्या खाली उतरायचं असतं. हे हॉपकिन बापाच्या मांडीवर शिकला होता. प्रॉबर्टनी तो छपरावरचाच सूर पकडला.

पहिली ओळ निघाली. दुसरीला पुरुष गळाले. तिसरी तर आणखी वर चढते. तिथे मार्गेडचा आवाज फाटला, प्रॉबर्ट एकटे उरले, आणि तेही खोकत थांबले. पाहुण्यासमोर, तीनशे माणसांदेखत गीत पडलं.

खोटं कशाला सांगू, हॉपकिनला क्षणभर बरं वाटलं. पण पुढचा गडी चेंडूसकट पडला, की मागच्यानं त्याला ओलांडून चेंडू उचलायचा. पडलेला आवडीचा की नावडीचा, हे विचारत बसायचं नसतं. इतक्या शनिवारांत हे त्याच्या अंगात मुरलं होतं. आज्ञा मोडली तर बुधवारचा निकाल आत्ताच लागला, हे ठाऊक असूनही तो उठला. सुजल्या ओठानं, पाच पायऱ्या खाली, त्यानं तीच पडलेली तिसरी ओळ उचलली.

आधी मार्गेड आली, मग कारखान्यातले जड आवाज, मग सगळेच. शेवटचं कडवं चारदा झालं तरी कुणी सोडेना. पाहुणे उपदेशकही व्यासपीठावरून खाली उतरून गात होते.

बुधवारी प्रॉबर्ट उभे राहिले. "हॉपकिन ट्रेहर्ननं माझी आज्ञा मोडली. सगळ्यांदेखत."

"मोडली, काका."

"पुन्हा मोडशील?"

"गीत पडलं, तर पुन्हा."

"आणि खेळ?"

"शनिवारी सामना आहे. जिंकणार आम्ही."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. प्रॉबर्टांनी हातातली टोपी बाकावर ठेवली.

"संपतो किती वाजता, तुमचा तो खेळ?"

"साडेचारला."

"मग तालीम सहाला. आंघोळ करून यायचं. आणि त्या ओठाला काहीतरी लाव, पुढच्या बाकावर थुंकी उडते."

"मग आम्ही हात वर करायचे की नाही?" मार्गेडनं विचारलं.

"खाली बस, पोरी."

हॉपकिनला गाव विसरणार नाही, त्याची काळजी नको. माझं मागणं वेगळं आहे. आज रात्री प्रार्थनेला बसाल, तेव्हा एलिएझर प्रॉबर्टांची आठवण ठेवा. तीनशे माणसांदेखत त्यांचं गीत पडलं होतं, आणि तरी चौथ्या दिवशी त्यांनी तालमीची वेळ बदलली.