सूचनेच्या चॅनेलचा वाटा

रिसोडला जमशेदचाचांच्या केबलच्या कंट्रोल रूममध्ये उज्ज्वला सहा वर्षांपासून होती, आणि तिचं खरं काम वाटणीचं होतं. एका फ्रिक्वेन्सीत चौदा चॅनेल कोंबलेले. सगळ्यांना मिळून सेकंदाला अडतीस मेगाबिट, वर एक कणही नाही. काळीपिवळी जीपमध्ये एकजण पाय पसरून बसला की दुसऱ्याला दारात लटकावं लागतं, तसा प्रकार. कोणाला पसरू द्यायचं आणि कोणाला लटकवायचं, ते उज्ज्वला ठरवी.

चौदावं चॅनेल घरचं होतं, सूचनेचं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, बस. वर धरणातून पाणी सोडणार की नाही ते, खाली भाजीचे भाव. गावातली पोरं त्याची टिंगल करत, पण पैनगंगेच्या काठचे भाजीवाले त्याच्यावरच चालत. उज्ज्वलाचे बाबा, पुंजाजी, तर रोज चारला टीव्हीसमोर बसत. सांभाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, आणि मेथीचा भाव पाहत, धरणाची ओळ वाचत आणि मगच मळ्याखाली नदीत उतरत. तिथे त्यांची पाणी उपसायची मोटार होती. मागच्या साली मोबाइलवरच्या एका खोट्या निरोपाने अख्खं गाव टेकडीवर पळालं होतं. तेव्हा उज्ज्वलानेच त्यांना बजावलं होतं, की कोणाचं काही ऐकू नका, मी सूचनेच्या पानावर लिहीन तेच खरं. बाबांनी ते वेदवाक्य मानलं.

त्या दिवशी क्रिकेटची फायनल होती. दुपारी अडीचला सामना सुरू झाला आणि फोन खणखणू लागले. चेंडू दिसत नाही, गवताचा नुसता हिरवा चिखल दिसतो. चाचा बाहेरून घामाघूम होऊन आले. माणूस वाईट नव्हता, पण गिऱ्हाईक ओरडलं की त्यांचं डोकं ठिकाणावर राहत नसे.

"बेटा, त्या सूचनेले कायले एवढी जागा पायजे?" ते म्हणाले. "अक्षरं का चेंडूसारखे पयून राह्यले?"

उज्ज्वलाला ते पटलं. खोटं कशाला बोला, हे तिच्याही मनात कधीचं होतं. तिने सूचनेचा वाटा पार तळाला नेला आणि सगळं सामन्याला दिलं. मग शेजारच्या सेटवर, घरोघरी दिसतं तसं, सूचनेचं पान तपासलं. सकाळचं पान जसंच्या तसं होतं, अक्षर न् अक्षर स्वच्छ. 'आज धरणातून पाणी सोडणार नाही.' तिला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. सामन्यात आता गवताची काडी न् काडी दिसत होती.

साडेतीनला धरणाच्या कार्यालयातून फोन आला. वर पाऊस झाला होता, चारला दरवाजे उघडणार होते. पाणी साडेचारच्या सुमारास गावाला लागेल. उज्ज्वलाने दोन मिनिटांत पान बदललं. समोरच्या मोठ्या पडद्यावर नवी ओळ लख्ख उमटली. घरी फोन करावा असं तिच्या मनात येऊन गेलं, पण बाबा पान वाचल्याशिवाय उतरत नाहीत, मग कशाला? शिवाय चाचा चहा पाजत होते आणि सामना रंगात आला होता.

चार पस्तीसला आईचा फोन आला. आईला, गिरजाबाईला, भाजीच्या भावाची काळजी.

"उज्ज्वला, आज भाव टाकले नाईत का वं? टीव्हीवर सकाळचंच पान हाय."

उज्ज्वलाने समोर पाहिलं. मोठ्या पडद्यावर तर नवं पान होतं. आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं की मोठा पडदा दाखवतो ते वाटणीच्या यंत्रात शिरण्याआधीचं पान. घरी जातं ते त्या शेजारच्या छोट्या सेटवर दिसतं. तिने मान वळवली. तिथे सकाळची ओळ जागच्या जागी होती, तिच्या कडेला दोन-चार करडे चौकोन फक्त. न हलणाऱ्या पानाला तेवढा वाटा पुरला होता. पान बदलायला मात्र एका दमात भरपूर जागा लागते, आणि ती तिने सामन्याला देऊन टाकली होती. नवं पान तासाभरापासून दारातच अडकलं होतं.

तिने सामन्याचा वाटा ओरबाडून सूचनेला दिला. दुसऱ्याच क्षणी छोट्या सेटवर चौकोन विरघळले आणि ओळ उमटली. बाहेर चाचांचे फोन पुन्हा वाजू लागले.

"आई, बाबा कुठी हायेत?"

तिकडे गिरजाबाई नवी ओळ एकेक अक्षर लावून वाचू लागली. मळ्याच्या बाजूने कसलासा घुमणारा आवाज फोनमध्ये येत होता आणि तो वाढत होता.

"पानी सोडलं म्हनते हे आता," आई हळू म्हणाली. "ते तं चारलेच मोटार चालू कराले खाली गेले. म्या म्हनलं, वर आभाळ हाय, राहू द्या आज. तं म्हने, पोरीनं लिहेल हाय, आज सोडत नाई."